सोयरीकवाले साहेब

“त्या गावात पोरगी द्याल का?”

हा प्रश्न आमच्या छापील फॉर्मात नव्हता. फॉर्मात घरं होती, माणसं होती, जनावरं होती, छपरावर कौलं की गवत, साक्षर किती, आजारी किती, आणि शेवटच्या पानावर ‘गावाची पहिली गरज’ असा एक चौकोन होता. तो भरला की गावाचं सगळं सुखदुःख आपल्या हाती आलं, असा आमच्या कचेरीचा समज होता. साहेबांचा नव्हता. ते फॉर्म भरायचे, पण त्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता आणि भरता भरता ते समोरच्या माणसाला तसं सांगायचेही.

पन्नासनंतरची ती वर्षं. देश नवा, योजना नवी, फायलींच्या पुठ्ठ्यांनासुद्धा नवा वास. गावांना काय हवं ते गावांनाच विचारून ठरवायचं, असा हुकूम वरून आला होता आणि विचारायला आम्ही होतो. पिंपरी स्टेशनाजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत आमची कचेरी होती. समोरच्या माळावर कारखान्याच्या भिंती वर येत होत्या आणि आम्ही सायकली काढून मोशी, चाकण, त्याच्याही पलीकडच्या वाड्यांपर्यंत लोकांची सुखं मोजत हिंडत होतो. मी चिंचवडच्या गावठाणातला, नुकतंच कॉलेज सोडलेला. मला कामावर घेतलं ते अक्षर पाहून. साहेबांनी गावोगाव फिरून गिचमिड करून आणायचं आणि मी त्याची स्वच्छ प्रत काढायची, अशी आमची जोडी लावून दिली होती.

साहेब पन्नाशीचे, उंच आणि किडकिडीत. धोतरावर कोट, आणि त्या काळातही डोकं उघडं. सायकलच्या दांड्याला एक छत्री बांधलेली असायची. ती त्यांनी पावसात उघडलेली मी कधी पाहिली नाही. ती पाणी मोजायला होती. आड दिसला, हौद दिसला, ओढ्यातला खड्डा दिसला, की ते सायकल टाकून द्यायचे, छत्री टोकापासून पाण्यात बुडवायचे आणि काळ्या कापडावर ओल कुठवर चढली ते डोळे बारीक करून पाहायचे. खांद्याच्या पिशवीत एक ताणकाटा असायचा. पाण्याहून येणाऱ्या बाईला थांबवून, “जरा हंडा उतरवता का?” म्हणत तिचं ओझं त्या काट्याला टांगायचे आणि वजन वहीत लिहून घ्यायचे. सगळ्यांना अहो-जाहो. शेंबड्या पोरालाही अहो. वाटेत म्हैस आडवी आली असती तर तिलाही ‘सरकता का जरा?’ म्हणाले असते, अशी आम्ही मागे त्यांची टिंगल करायचो.

चहा ते घ्यायचे नाहीत. पाणी मागायचे. पाणी आलं की विचारायचे, “हे आणलं कोणी?” घरधनी म्हणायचा, “बायकांनी.” मग साहेब त्या बाईचं नाव विचारायचे, आणि नाव कळेपर्यंत तांब्या तसाच हातात धरून बसायचे. परक्या पुरुषाला बायकोचं नाव सांगायचं म्हणजे घरधन्याची पंचाईत. एकदा एक जण चिडून म्हणाला, “नाव कशाला पायजे? पानी प्या की गुमान.” साहेबांनी तांब्या खाली ठेवला आणि त्या घरातून तहानलेलेच उठले. मला मात्र पाणी प्यावंसं वाटत होतं.

एका गावच्या पाटलाला त्यांनी ‘गावाची पहिली गरज’ विचारण्याआधी सांगितलं, “आधी विहिरीवरून डोक्यावर दोन खेपा घाला, मग सांगा.” पाटील आधी हसला. साहेब गंभीर आहेत हे कळल्यावर त्याची मिशी थरथरायला लागली. त्याची तक्रार आम्ही परत पोचायच्या आत कचेरीत पोचली. मुख्य अधिकाऱ्यांनी साहेबांना आत बोलावून झापलं. साहेब बाहेर आले ते माझ्या टेबलाशी थांबले आणि म्हणाले, “प्रश्न चुकला नव्हता. माणूस चुकला. मी पाटलीणबाईंना विचारायला हवं होतं.”

पण त्यांचा खरा प्रश्न म्हणजे पोरीचा. त्यांचं म्हणणं असं, की गावाला स्वतःबद्दल विचारलं की गाव खोटं बोलतं. कोणी अब्रूसाठी, कोणी भीतीनं, कोणी सरकारकडून काय सुटतंय ते हेरून. म्हणून गाव कसं आहे ते शेजारच्या गावाला विचारावं. आणि तेही असं सरळ, की तिथं पोरगी द्याल का? या एका बाबतीत बाप खोटं बोलत नाही. ‘नाही’ म्हणाला की ‘का नाही’ ते विचारायचं, आणि तो जे सांगेल ती त्या गावाची पहिली गरज. एका लाल वहीत त्यांनी गावागावाची पानं केली होती. गावाचं नाव वर आणि खाली शेजाऱ्यांची उत्तरं: ‘नाही. वाट नाही, बाळंतीण अडली तर मरेल.’ ‘नाही. दारू फार.’ ‘देऊ. सासवा बऱ्या आहेत.’

आता परगावचा सुशिक्षित माणूस ओसरीवर बसून अमुक गावात पोरगी द्याल का म्हणून विचारतो, म्हणजे तो स्थळ घेऊन आला, असंच कोणालाही वाटणार. आत बांगड्या वाजायच्या, मुलीला घाईघाईनं लुगडं बदलायला लावायचे, गूळपाणी बाहेर यायचं. एका म्हातारीनं तर मलाच नवरदेव समजून अंगणात चालून दाखवायला लावलं. माझा पाय अधू नाही ना, ते तिला बघायचं होतं. त्या भागात साहेबांचं नाव ‘सोयरीकवाले साहेब’ पडलं ते कायमचं. कचेरीतही आम्ही तेच म्हणायचो, अर्थात ते बाहेर गेल्यावर.

चाकणच्या वर, माळ चढून गेल्यावर एक वाडी होती. नाव सांगत नाही, माणसं अजून नांदती आहेत. वाडी सगळी कातळावर बसलेली. पाणी खाली घळीत, ओढ्याच्या पात्रात खणलेल्या झिऱ्यात. एकेक बाई खड्ड्यात उतरायची, करवंटीनं पाणी उपसून हंड्यात भरायची आणि बाकीच्या काठावर आपली पाळी येईतो बसून राहायच्या. हंडा भरला की तो डोक्यावर घेऊन उभी चढण. साहेबांनी तिथं छत्री बुडवली तेव्हा ओल लोखंडी टोकाच्या वर गेलीच नाही.

मग आम्ही वाडीच्या शेजारची सगळी गावं पालथी घातली. सगळीकडे एकच उत्तर. “त्या वाडीत? पोरीची मान मोडायची हाय का आमाला?” उतारावर सायकली हातात धरून चालताना साहेबांनी मलाही विचारलं, “तुम्हाला लग्नाची बहीण आहे ना? द्याल का इथे?” माझ्या धाकट्या बहिणीसाठी, कुसुमसाठी, आम्ही तेव्हा स्थळं बघत होतो. मी हसून म्हणालो, “छे! तिनं काय जन्मभर पाणीच वाहायचं?” साहेब थांबले, सायकल कमरेला टेकवली आणि वही काढून त्यांनी काहीतरी लिहिलं. माझं उत्तरही ते लिहून घेतील असं मला वाटलं नव्हतं.

चाकणजवळच्या एका गावात गेनभाऊ म्हणून कांद्याचे बागाईतदार होते. दाराशी विहीर, दिवसभर मोट चालू. साहेब मळ्यातल्या दुसऱ्या विहिरीत छत्री बुडवायला गेले होते आणि मी ओसरीवर एकटा बसलो होतो. गेनभाऊंनी भाकरी, झुणका, वर घट्ट दही असं माझ्यापुढे मांडलं होतं. जेवता जेवता ते म्हणाले, “सायेब, त्या वाडीतनं आमच्या हौसासाठी मागनी आलीया. पोरगा चांगला, घर चांगलं, हुंडा मागत न्हाईत. पर पान्यापायी मन खातंय. तुमी सरकारी मान्सं. तुमीच सांगा, द्यावी का?”

आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला ‘सायेब’ म्हणून सल्ला विचारत होतं. पोट भरलेलं होतं. मी म्हणालो, “द्या बिनधास्त. विहीर येतेय तिथे. आमचा अहवाल गेला की मंजूर झालीच समजा.”

“शबूद?”

“शब्द,” मी म्हणालो, आणि आणखी दही वाढून घेतलं.

आतल्या दाराशी एक मुलगी उभी होती. सोळा-सतराची असेल. तिनं हे ऐकलं आणि ती आत गेली. मी ही गोष्ट साहेबांना सांगितली नाही. सांगण्यासारखं काही घडलंय असं मला वाटलंच नव्हतं.

वैशाखात हौसाचं लग्न झालं. बोलावणं साहेबांना आलं, आणि कधी कुठल्या लग्नाला न जाणारा हा माणूस हरखून गेला. त्या वाडीला मिळालेला हा पहिला होकार. मांडवात त्यांनी गेनभाऊंना बाजूला घेऊन विचारलं, “सगळे नाही म्हणत असताना तुम्ही का दिलीत?” गेनभाऊ मोठ्या विश्वासानं माझ्याकडे बोट करून म्हणाले, “व्हय की, ह्या तुमच्या मान्सानं शबूद दिला न्हवं का? हिर येतीया म्हनून.” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी अक्षता हातातल्या हातात चोळत राहिलो. परतीच्या वाटेवर ते एवढंच म्हणाले, “आता विहीर झालीच पाहिजे.”

आणि ते पिसाटल्यासारखे कामाला लागले. झिऱ्यावरच्या बायकांची नावं, त्यांच्या ओझ्यांची वजनं, खेपा, चढणीची लांबी, शेजारच्या गावांचे नकार, सगळं त्यांनी अहवालाला जोडलं. पण नियमाप्रमाणे गावची सभा घ्यावी लागायची. सभा मारुतीच्या पारावर भरली, म्हणजे पुरुषांची. साहेब म्हणाले, “बायकांना बोलवा.” वाडीचे पुढारी हसले. “त्या पान्याला गेल्यात सायेब. त्यांचं आमी सांगतो की.” आणि त्यांनी सांगितलं ते समाजमंदिर. खालच्या गावाला मिळालं होतं, मग आमाला का न्हाई? सभेला आलेले आमचे मुख्य अधिकारी मान डोलावत होते. विहीर म्हणजे कातळात सुरुंग, दोन वर्षं, आणि पाणी लागेलच याची हमी कोण देणार? समाजमंदिर मार्चअखेर उभं राहतं, फीत कापता येते, फोटो निघतो. हात वर झाले. हौसाच्या सासऱ्याचा झाला. नवऱ्याचाही झाला. आणि घळीच्या वाटेनं हंडे घेऊन बायका वर येत होत्या, त्या पाराला वळसा घालून खालमानेनं निघून गेल्या.

साहेबांनी तरीही गिचमिड अक्षरात ‘पहिली गरज: पाणी’ असंच लिहिलं. स्वच्छ प्रत काढायच्या आधी मुख्य अधिकाऱ्यांनी मला आत बोलावलं. “तुमचे साहेब हळवे आहेत,” ते म्हणाले. “ठराव समाजमंदिराचा आहे. प्रतीत ठराव उतरवा, ती पुरवणी वगैरे नको. आणि हो, तुम्हाला कायम करायचा कागद माझ्याकडे आलाय, पाहतो मी.” मी बाहेर येऊन टाक शाईत बुडवला. मला लाज वाटली का? वाटली. तरीही ‘गावाची पहिली गरज: समाजमंदिर’ हे मी माझ्या सर्वांत सुंदर अक्षरात लिहिलं. त्यात खोटं काहीच नव्हतं, गावानं तसंच सांगितलं होतं. आजवर मी स्वतःची समजूत काढत आलो ती याच वाक्यानं, आणि ती एकदाही पटलेली नाही.

प्रत सहीला गेल्यावर साहेबांनी ती पाहिली. सही केली नाही. दुसऱ्या दिवशी ते कचेरीत आले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी कळलं, की सोयरीकवाले साहेब वाडीत जाऊन खांद्यावर कावड घेऊन हौसाच्या घरचं पाणी भरताहेत.

ऐकून कचेरी पोट धरधरून हसली. मीही हसलो, कारण न हसणं अवघड होतं. पण वाडीत कोणी हसलं नाही. सासूनं दारात उभं राहून बोंब ठोकली, “आमची सून काय लंगडी हाय? ह्यो परका बाप्या तिचं पानी कशापायी वाहतोय?” तीन दिवस साहेब खाली मान घालून खेपा घालत राहिले. आपण प्रायश्चित्त घेतोय असं त्यांना वाटत असणार. चौथ्या दिवशी हौसा झिऱ्यावर आली ती सुजलेला गाल घेऊन. तिनं त्यांच्यापुढे हात जोडले. म्हणाली, “सायेब, पाया पडते, जावा तुमी. तुमच्या पान्यापायी मला मार बसतोय.”

ज्या माणसानं आयुष्यभर बायकांची ओझी तोलली, त्याला हे एक ओझं दिसलं नव्हतं. शहाण्या माणसानं एवढं मूर्ख का असावं, याचा मला अजून राग येतो. आणि राग आला की लगेच आठवतं, की ती कावड माझ्या खांद्यावरची होती.

वाडीच्या पुढाऱ्यांची तक्रार आली आणि साहेबांना कामावरून कमी केल्याचा कागद निघाला. त्याची स्वच्छ प्रतही मीच काढली. त्याच सुमाराला मी कायम झालो आणि कुसुमचंही जमलं. स्थळ पाहायला गेलो तेव्हा घरातली माणसं बोलत बसली होती आणि मी उठून आधी परसात गेलो. आड होता. वाकून पाहिलं, पाणी वरपर्यंत होतं. मग आत येऊन बसलो आणि पसंती सांगितली.

पुढच्या वर्षी वाडीच्या समाजमंदिराचं उद्घाटन झालं. कागदपत्रं घेऊन मी गेलो होतो. आत भाषणं चालली होती. बाहेर नव्या पायऱ्यांवर बायकांनी हंडे टेकवले होते. चढणीच्या निम्म्यावर दम खायला ती बरी जागा झाली होती, एवढा त्या इमारतीचा उपयोग मी डोळ्यांनी पाहिला. त्यांत हौसा होती. पोटुशी, मानेच्या शिरा वर आलेल्या. तिनं मला ओळखलं. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माहेरच्या माणसाला विचारावं तसं विचारलं, “भाऊ, हिर कवा व्हायची?”

“मंजुरी यायचीय,” मी म्हणालो.

“व्हईल न्हवं?”

“होईल.”

दुसऱ्यांदा शब्द दिला. या वेळी दहीसुद्धा नव्हतं.

साहेबांची शेवटची भेट सांगायची मी टाळतोय. कामावरून कमी केल्याचा कागद हाती पडल्यावर ते दुपारी कचेरीत आले. बाकीचे जेवायला गेले होते. त्यांनी ताणकाटा माझ्या टेबलावर ठेवला, सरकारी होता म्हणून. छत्री स्वतःची होती, ती काखेत. मग लाल वही उघडून वाडीचं पान काढलं आणि समोर बसले.

“तुमचं अक्षर चांगलं आहे,” ते म्हणाले. “एवढ्या एका पानाची स्वच्छ प्रत काढून द्या. मी वाचतो.”

मी कोरा कागद घेतला. ते वाचत गेले, मी लिहीत गेलो. वाडीचं नाव. मग नकार, एकाखाली एक. ‘नाही. पाणी लांब.’ ‘नाही. थोरलीची मान धरली, धाकटी देणार नाही.’ ‘नाही. पाणी.’ त्यांचा आवाज बाजारभाव वाचल्यासारखा सपाट होता. मग त्यांनी माझं नाव वाचलं, वडिलांच्या नावासकट, गाव चिंचवड. “‘नाही,’” ते वाचत होते. “‘लग्नाची बहीण आहे. तिने जन्मभर पाणी वाहू नये.’ लिहा.”

मी लिहिलं.

“आता शेवटचं. गेनभाऊ. ‘होय. मुलगी दिली.’”

तेही लिहिलं.

“कारण,” ते म्हणाले, आणि थांबले. वही त्यांनी माझ्याकडे फिरवली. गेनभाऊंच्या नावापुढची जागा लग्नाच्या दिवसापासून कोरीच होती. “कारण माझ्याकडे नाही. ते तुमच्याकडे आहे.”

पंखा नव्हता, बाहेर कारखान्याच्या बांधकामावर दगड फुटत होते. टाकाच्या टोकावरची शाई वाळली, तो मी पुन्हा दौतीत बुडवला. साहेबांनी घाई केली नाही. शेवटी मी लिहिलं: ‘विहीर होणार असा शब्द मिळाला.’ आणि तरीही ते उठेनात, म्हणून पुढे लिहिलं, ‘माझ्याकडून.’

त्यांनी कागद उचलला, शाई वाळेपर्यंत दोन्ही हातांत धरला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत माझ्यासमोर ठेवला.

“छान,” ते म्हणाले. “एकही खाडाखोड नाही.”

आणि छत्री घेऊन ते स्टेशनाकडे निघून गेले. तो कागद अजून माझ्याकडे आहे.